चावी परळला, दार कोकणात

मालन घाडीची दर्शना शनिवारी ऑफिसला जात नाही, घरूनच काम करते. काम म्हणजे काय, तर परळच्या खोलीत खिडकीपाशी बसायचं, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा नि लांब लांबच्या मशीनींच्या पोटात हात घालायचा. एक मशीन कोल्हापूरला, एक नाशकाला, एक पार कोकणात. सर्व्हर म्हणतात त्यांना. ते आपले आपण चालतात, बटण दाबायलाही कोणी लागत नाही. पण त्यांचं काही दुखलं-खुपलं की हिने बसल्या जागेवरून आत शिरायचं नि औषधपाणी करून बाहेर यायचं. आत शिरायला एक दार असतं, दिसत नाही ते, पण असतं. त्याची चावी दर्शनाकडे.

चाळीत सगळ्यांना कौतुक. बाप मिलमध्ये साच्यावर कापड विणायचा, आईने मिलवाल्यांच्या खानावळीत भाकऱ्या बडवल्या, नि पोरगी जिथे बापाची मिल होती तिथल्याच काचेच्या बिल्डिंगीत बसते. कोणी जास्तच कौतुक करायला लागलं की मालन म्हणायची, "अहो, कसली साहेबीण. दिवसभर मशीनीची मनधरणी करते. तिच्या बापानेही तेच केलं."

तर त्या शनिवारी मालन मोरीपाशी बोंबील साफ करत होती नि दर्शना चहाचा कप टेकवून लॅपटॉप उघडत होती, तेवढ्यात कोकणातून मेल आला. कुडाळच्या पुढे, आत एका गावात ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथल्या सर्व्हरचा. हा मेल माणूस लिहीत नाही. सर्व्हरच पाठवतो, पोराने शाळेतून पोट दुखतंय म्हणून निरोप धाडावा तसा. निरोप असा की माझ्यात जागा उरली नाही, थोड्या वेळात पुरा भरेन, लवकर बघा.

दर्शना घाबरली नाही. असं होतं कधी कधी. सर्व्हरला काही बोचत असलं की तो त्याची तक्रार लिहून ठेवतो, पुन्हा बोचलं की पुन्हा लिहितो, नि लिहिता लिहिता घर भरून टाकतो. आत जायचं, जुन्या तक्रारी काढून टाकायच्या, काय बोचतंय ते बघायचं. चहा निवायच्या आत होणारं काम.

तिने चावी लावली. दार उघडेना.

पुन्हा लावली. तेच. पडद्यावर लाल अक्षरं, तुम्हाला प्रवेश नाही.

आता तिने चहा बाजूला सारला. आधी रस्ता बघितला, परळहून कुडाळपर्यंतची लाइन चालू आहे की तुटली. चालू होती. मग पलीकडे दाराशी कोणी जागं आहे का बघितलं. जागं होतं, हाक मारली की ओ देत होतं. रस्ता ठीक, दार जागेवर, दाराआडचा सर्व्हर जागा. फक्त हिला आत घेत नव्हता, ओळखच नाही असं तोंड करून. तिथे सर्व्हर तीन. तिने तिन्ही दारं ठोठावली. तिन्ही बंद.

तिने साहेबांना फोन लावला. उन्मेष गोखले, राहायला दादरला, माणूस शिकलेला, सभ्य, पण घाईचा.

"सर, कुडाळचा सर्व्हर तक्रारींनी भरत आलाय, नि दार उघडत नाहीये. माझा पासवर्ड संपला का बघता?"

उन्मेषने बघितलं. "नाही संपला. थांब, मी माझ्या नावाने जाऊन बघतो."

थोडा वेळ नुसता टकटक आवाज. मग म्हणाला, "मलाही घेत नाहीये. विचित्रच आहे. दर्शना, तू असं कर, तिथल्या त्या दगडूला सांग, स्विच बंद करून परत चालू कर म्हणावं. उठताना सर्व्हर जुन्या तक्रारी स्वतःच झाडून टाकतो. दोन मिनिटांचं काम आहे, उगाच शोधत बसू नकोस."

दगडू म्हणजे हॉस्पिटलचा वायरमन. म्हातारा माणूस, उभा जन्म लालबागच्या मिलमध्ये वायरमन म्हणून गेला, मिल बंद झाली तसा गावी गेला नि ह्या हॉस्पिटलात लागला. दर्शनाशी त्याचं फोनवरच बोलणं, पण ती परळची म्हटल्यावर त्याचा जीव होता तिच्यावर.

"बोल गो चेडवा," दगडू म्हणाला. "आज शनिवारी खय माझी आठवण?"

"काका, सर्व्हरच्या खोलीत जावा. मोठ्या सर्व्हरचा स्विच बंद करायचाय, पण मी सांगेन तेव्हाच. आधी लॅबवाल्यांना विचारा, मशीनवर काही चालू आहे का."

कारण सर्व्हर बसला की लॅबची मशीन बसते, ती त्याच्याच जिवावर चालते. दगडू चालत गेला, चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग एकदम फोन दुसऱ्याच हातात गेला.

"कोण बोलतंय? मी डॉक्टर सलोनी. मशीन बंद करायची नाही. काय वाटेल ते झालं तरी बंद करायची नाही."

"मॅडम, पण सर्व्हर—"

"ऐकून घ्या आधी. चार महिन्यांचं बाळ आहे. ताप मेंदूत गेलाय. काल संध्याकाळी आणलं, दोडामार्गच्या बाजूचं. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून मशीनला लावलंय, तासाभरापूर्वी. कुठला जंतू ते मशीन सांगणार, मग त्याचं औषध. ते पाणी एवढंसं निघालं. सगळं मशीनमध्ये गेलंय. मध्येच थांबलं की ते फुकट, नि मला पुन्हा सुई टोचावी लागेल. पुन्हा टोचण्यासारखं त्या बाळात काही उरलेलं नाही. समजलं?"

"किती वेळ लागेल अजून?"

"तासभर तरी."

दर्शनाने मेल बघितला. सर्व्हर ज्या वेगाने भरत होता त्या वेगाने तास निघाला नसता. पुरता भरला की तो लॅबच्या मशीनकडून काही घ्यायचा नाही, नि मशीन आपोआप थांबणार. म्हणजे स्विच बंद केला तर पाणी फुकट, नि काही नाही केलं तरी फुकट. एकच वाट, आत शिरून जागा करायची. नि तेच होत नव्हतं.

"करते मॅडम," ती म्हणाली.

मालनने मोरीतून विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. तू बोंबील कर."

"तुझं 'काही नाही' मला कळतं," मालन म्हणाली, नि हात धुऊन जवळ येऊन बसली.

दर्शनाने उन्मेषला सांगितलं, स्विच बंद होणार नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "आणि सर्व्हर भरून बंद पडला तर? तेव्हा तेच होईल ना? निदान तू आपणहून थांबवलंस असं तरी—"

"सर, थोडा वेळ द्या."

आता ती एकेक बघायला लागली. काल आपण काही बदललं? नाही. उन्मेषने? नाही. कोणी भलतं माणूस घुसलंय का? त्याची काही खूण दिसेना. लॅपटॉपमधून कोल्हापूरच्या दाराला चावी लावली, पटकन उघडलं. नाशिकचं उघडलं. म्हणजे चावी खरी. खोट कोकणात. पण तिकडे तर सगळं सुरळीत चालू. मशीन चालतेय, केसपेपर निघतायत, औषधांच्या दुकानात बिलं होतायत. तिन्ही सर्व्हर एकमेकांशी गुण्यागोविंदाने बोलतायत. फक्त बाहेरच्याला आत घेत नाहीत.

तेवढ्यात दुसरा मेल आला. जागा आणखी कमी.

दर्शना त्याच्याकडे बघत राहिली. मेलावर वेळ छापलेली असते, सर्व्हरने कधी लिहिला ती. ती वेळ बघून तिला वाटलं आपले डोळे फिरले. मेल तर आत्ता आला, नि त्यावरची वेळ अजून व्हायची होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यात दहा वाजून वीस, नि मेल म्हणतोय मला लिहिलं साडेदहाच्या पुढे. न झालेल्या वेळेतून निरोप कसा येईल?

तिने दगडूला फोन लावला.

"काका, रात्री तिकडे काही झालं का?"

"मी काय एक करूक नाय."

"तुम्ही केलं म्हणत नाही हो. झालं का काही?"

"लायट गेल्ली. जनरेटर पण बसलेलो. फाटफटी लायट इली नि मशीन सुरू झाली."

"पहाटे? आपली आपण?"

"नाय. पडदो वेळ इचारी होतो. उन्मेष सायबान मागे फोनवर शिकवल्यान हा ना, लायट गेली की तो मोठो वेळ इसारता, त्येच्या पोटातलो सेल कमजोर झालोहा. वेळ घालूची नि बटण दाबूचा. तसाच केलंय."

"वेळ कुठून बघितलीत?"

"खयसून म्हंजे? हातात घड्याळ आसा मा."

दर्शनाने लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघितलं. "आता काय वाजले तुमच्या घड्याळात?"

"धा वाजान पस्तीस."

लॅपटॉपवर दहा वीस.

"काका, तुमचं घड्याळ पुढे आहे."

"मगे? पुढेच असतला." दगडूला ह्यात विचारण्यासारखं काय तेच कळेना. "मिलमधलो माणूस मी. पंधरा मिन्टा पुढे नाय ठेवला तर भोंगो चुकतलो नाय?"

"मिल बंद होऊन किती वर्षं झाली काका."

"घड्याळाक कोण सांगतलो?"

मालन शेजारीच होती, फोनचा आवाज मोठा. तिला हसू आलं, पण पोरीचा चेहरा बघून तिने ते गिळलं. परळ-लालबागला त्या काळी एक घर दाखवा जिथलं घड्याळ खरं होतं. भोंगा झाला नि गेट बंद झालं की बदली कामगार आत, आपला माणूस बाहेर, नि त्या दिवसाची चूल तशीच. म्हणून प्रत्येक जण घड्याळ पुढे करायचा. ह्यांच्या घरातही होतं, दर्शनाच्या बापाचं. तो गेल्यावर एके दिवशी मालननेच स्टुलावर चढून काटे मागे घेतले, आता कोणाला भोंगा गाठायचाय म्हणून.

तर असं झालं होतं. ह्या दारांची तऱ्हा अशी की चावीवर वेळ कोरलेली असते. कोणी चोराने चावी उचलली नि नंतर लावली तर उघडू नये म्हणून. दार चावीवरची वेळ बघतं नि आपलं घड्याळ बघतं. पाचेक मिनिटं इकडे-तिकडे असली तर चालवून घेतं. त्याहून जास्त फरक पडला की चावी खोटी म्हणतं. दगडूने मोठ्या सर्व्हरला आपली वेळ दिली. बाकीचे दोघे मोठ्याकडे बघून वेळ लावतात, त्यांनी तीच घेतली. तिघेही एकसारखे चुकले, म्हणून आपसात कोणाला काही खटकेना. पण रोजच्या कामाला ते बाहेर ज्याच्या ज्याच्या दारात जात होते तिथेही ह्यांना कोणी उभं करत नव्हतं, नि दर वेळी मोठा त्याची तक्रार लिहून ठेवत होता. त्याच तक्रारींनी घर भरत आलं होतं.

तिने उन्मेषला सांगितलं.

"मीच शिकवलं होतं त्याला," तो म्हणाला. "नवीन सेल पाठवायचा राहिला. बरं, मग आता त्याला सांग वेळ मागे घ्यायला."

"ते आत शिरल्याशिवाय होत नाही सर. नाहीतर स्विच बंद करून."

"मग अडकलोच की आपण."

"नाही," दर्शना म्हणाली. "त्यांचं घड्याळ मागे येत नाही ना, मग मी पुढे जाते. माझ्या लॅपटॉपची वेळ दगडूकाकांच्या घड्याळाला लावते. दाराला दोन्ही वेळा सारख्या दिसल्या की झालं."

"ऑफिसच्या लॅपटॉपची वेळ बदलायला बंदी आहे, दर्शना. मला वरून परवानगी घ्यावी लागेल. शनिवारी कोण भेटणार—"

"तुम्ही विचारा सर. पण ते बाळ तेवढं थांबणार नाही."

उन्मेष म्हणाला, "कर. मी सांगितलं म्हणून लिही."

तिने दगडूला फोनवरच ठेवलं. "काका, घड्याळावरून नजर काढू नका. पुढचं मिनिट लागलं की हो म्हणा."

"थांब... थांब गो... हां. लागला. हो."

दर्शनाने वेळ पुढे केली. त्यासरशी लॅपटॉपवरचं बाकीचं सगळं एकेक करून तुटलं. ऑफिसचा मेल बंद, ऑफिसच्या गप्पांची खिडकी बंद, कोल्हापूर बंद, नाशिक बंद. साऱ्या मुंबईशी तिची वेळ जुळेनाशी झाली. आता हे दारही नाही उघडलं तर हातात काहीच राहिलं नसतं.

तिने चावी लावली. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. मालनने पदराचं टोक मुठीत धरलं होतं, का ते तिलाही माहीत नव्हतं.

दार उघडलं.

दर्शना हसली नाही की काही नाही. आत बघितलं तर जागा अगदी टोकाला आलेली, दुधाचं पातेलं काठाला यावं तशी. तक्रारींचा ढीग एका फटक्यात काढावा म्हटलं तर सर्व्हर अडखळेल, नि तो अडखळला तर लॅबची मशीन अडखळेल. म्हणून तिने आधी नवीन तक्रारी लिहिणं थांबवलं, मग जुन्या थोड्या थोड्या करून काढायला घेतल्या. काढल्या, थांबली, लॅबची मशीन चालतेय का बघितलं. परत काढल्या. खाली चौकात कोणी तरी केबलवाल्याशी भांडत होतं. तिच्या कानावर काही नव्हतं.

जागा झाली. आता पुरेल इतकी झाली.

तेवढ्यात उन्मेषचा फोन. "शाब्बास. आता लगेच त्यांची वेळ बरोबर करून टाक, म्हणजे सगळं जाग्यावर येईल."

"आता नाही करणार."

"का? आत आहेस ना तू?"

"मशीन वेळ मोजत बसलीय सर. इतका वेळ गरम, इतका वेळ थंड, त्यावर तिचा हिशोब. मध्येच मी घड्याळ मागे ओढलं तर ती काय मोजेल कोण जाणे. चुकीची तर चुकीची, पण एकाच चालीने चालू दे. रिपोर्ट आल्यावर बघू."

"आणि वरच्यांनी विचारलं की वेळ चुकीची माहीत असून तशीच का ठेवली?"

"तर माझं नाव सांगा."

उन्मेष म्हणाला, "दोघांचं सांगू," नि फोन ठेवला.

मग नुसतं बसणं. हे सगळ्यात वाईट. दर्शना पडद्यावरून हलली नाही. मालनने ताटली आणून ठेवली ती तशीच राहिली. मालनने विचारलं, "कोणाचं गं बाळ?" दर्शना म्हणाली, "नाव नाही माहीत. सर्व्हरमध्ये नुसता नंबर दिसतो." मालन म्हणाली, "नाव नाही कसं, आईने ठेवलंच असेल ना काहीतरी."

फोन वाजला. डॉक्टर सलोनी.

"रिपोर्ट आलाय," त्या म्हणाल्या. पण आवाजात सुटका नव्हती. "पण त्यावरची वेळ बघा. अजून झालीच नाहीये ती. मला एक सांगा, ज्या मशीनची वेळच खोटी आहे तिच्या रिपोर्टवर मी चार महिन्यांच्या बाळाला एवढं कडक औषध कसं देऊ?"

दर्शना डॉक्टर नव्हती. तिला फक्त तिचं काम माहीत होतं, नि तेवढंच तिने सांगितलं.

"मॅडम, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे, पहाटेपासून. तुम्ही पाणी मशीनला लावलं तेव्हाही तेवढंच पुढे होतं, रिपोर्ट आला तेव्हाही तेवढंच. मधल्या वेळात मी त्याला हात लावला नाही, कोणाला लावू दिला नाही. मशीनने जेवढा वेळ घ्यायचा तेवढाच घेतलाय. सुरुवात नि शेवट यांतलं अंतर बघा, रोजच्याइतकंच आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. बाजूला कोणाशी तरी बोलणं. मग सलोनी म्हणाल्या, "बरोबर आहे. रोजच्याइतकंच आहे." नि फोन बंद. धन्यवाद नाही, काही नाही. त्यांना तेवढा वेळ नव्हता.

दर्शनाने मग सर्व्हरची वेळ मागे आणायला घेतली, पण हिसका न देता, घड्याळ थोडं हळू चालवून. खरी वेळ हळूहळू त्याला गाठेल असं. दुपार त्यातच गेली. मग लॅपटॉपची वेळ मुंबईला लावली नि बाकीची दारं एकेक करून उघडली. ऑफिसला कळवताना तिने दगडूच्या नावाने काही लिहिलं नाही. वेळ घालायला आपणच शिकवलं, पण ती कोणत्या घड्याळावरून घालायची ते सांगितलं नाही, एवढंच लिहिलं. खाली उन्मेषने आपलं नाव घातलं.

संध्याकाळी तिने दगडूला फोन करून नीट समजावलं, पुन्हा लाइट गेली तर घड्याळ नाही बघायचं, मला फोन करायचा, मी वेळ सांगेन.

"नि तुझां घड्याळ खरा कशावरसून?" दगडूने विचारलं.

"काका."

"बरा बरा. करतंय फोन." मग म्हणाला, "माझ्या हातातला मागे घेव काय?"

"ते तुमचं आहे. राहू दे."

रविवारी दुपारी दगडूचाच फोन आला. वॉर्डाबाहेर उभा होता. बाळाचा ताप उतरलाय म्हणाला, सकाळी डॉक्टरांनी आईच्या अंगावर घातलं तर प्यायलं. त्याची आई त्याला सारखी गणू गणू म्हणते.

दर्शनाने फोन खाली ठेवला नि आत हाक मारली, "आई, गणू नाव आहे."

मालन भाकरी थापत होती. "दूध पितो का?"

"प्यायला."

"मग झालं," मालन म्हणाली, नि तव्यावरची भाकरी उलटली.